प्लग काळा का पडतो? आणि करंटबद्दल आलेली आणखी काही पत्रं

या वेळी पाच पत्रं घेतली आहेत, कुणी शहरातलं कुणी शेतावरचं, कुणी शाळेतलं, पण मला विचाराल तर पाचही जणांनी एकच गोष्ट विचारलीय, की रेझिस्टन्स, म्हणजे करंटच्या वाटेतला अडथळा, नको तिथे येऊन बसला की काय होतं, आणि हवा तिथे नसला की काय होतं. आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवताना मी पोरांना पहिल्या दिवसापासून हेच सांगायचो, करंट किती हे नंतर बघा, आधी तो कुठे अडतोय ते शोधा. पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण ते लांबायलाच हवं, कारण यात घर पेटतं.

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या गिझरचा प्लग वर्षभरात तीनदा बदलला. दर वेळी एक पिन काळी पडते, प्लास्टिक वितळतं. वायर पण प्लगजवळ गरम लागते. वायरमन म्हणतो गिझर करंट जास्त खेचतोय, मोठा एमसीबी टाकून घ्या. एमसीबी तर कधी पडतच नाही, मग मोठा टाकून काय होणार? — एक वाचक, नाशिक

ताई, मोठा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाईन तोडणारा स्विच, अजिबात टाकू नका. तुमची शंका बरोबर आहे आणि ती तुम्ही विचारली हे फार बरं केलं.

आधी गिझर खरंच जास्त खेचतोय का ते बघू. घरगुती साठवणीचे गिझर साधारण २००० वॅटचे असतात, तुमचाही तेवढाच धरू. आपल्याकडे घरात लाईट २३० व्होल्टची. २००० ला २३० ने भागलं की ८.७ अँपिअर येतात. मोठ्या तीन पिनांचं सॉकेट असतं ते १६ अँपिअरचं, म्हणजे निम्म्यावरच काम चाललंय. गिझरची कॉइल निकामी होते तेव्हा ती तुटते आणि पाणी तापायचं बंद होतं, नाहीतर बॉडीला टेकते आणि मग अर्थिंग नीट असेल तर एमसीबी पडतो. रोज पाणी नीट तापतंय आणि गिझर गुपचूप दुप्पट करंट घेतोय असं सहसा होत नाही.

मग उष्णता आली कुठून? त्या पिनेपाशी जो रेझिस्टन्स तयार झालाय त्यातून. २३० भागिले ८.७ केलं की कॉइलचा रेझिस्टन्स येतो साधारण साडेसव्वीस ओहम, आणि हा असायलाच हवा, त्याच्याच जोरावर पाणी तापतं. आता सॉकेटच्या आत पितळेची जी क्लिप पिनेला घट्ट धरते ती ढिली पडली, किंवा वायरचा स्क्रू नीट आवळलेला नाही, तर तिथे समजा अर्धा ओहम आला. अर्धा ओहम ऐकायला काहीच नाही. पण उष्णतेचा हिशोब करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स असा असतो, म्हणजे साडेआठचा (अर्धा ओहम वाढला की करंट ८.७ चा तेवढा होतो, ते पुढे येतंच) वर्ग बहात्तर आणि त्याच्या अर्धे, ३६ वॅट. चांगल्या घट्ट जॉइंटचा रेझिस्टन्स ओहमच्या हजारांश भागात मोजायचा असतो, तिथे अर्धा वॅटही तयार होत नाही.

३६ वॅट म्हणजे किती हे डोळ्यासमोर आणायचं तर मोबाइल-टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचा सोल्डरिंग आयर्न आठवा, तो २५ वॅटचा असतो आणि त्याच्या टोकाला कथील पाण्यासारखं वितळतं. तुमच्या सॉकेटमध्ये पितळेच्या एवढ्याशा तुकड्यात त्याच्यापेक्षा जास्त उष्णता कोंडली जातेय, चारी बाजूंनी प्लास्टिक, मागे भिंत, हवा लागायला जागा नाही. काळं नाही पडणार तर काय होईल?

आता तुमचा एमसीबीचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एमसीबीला फक्त करंट कळतो. साडेसव्वीस ओहमच्या वाटेत आणखी अर्धा ओहम आला म्हणजे वाट जास्त अवघड झाली, करंट उलट किंचित कमी झाला, ८.७ चा ८.५ झाला. म्हणजे भिंतीत प्लास्टिक वितळतंय आणि एमसीबीच्या दृष्टीने सगळं पहिल्यापेक्षा बरं चाललंय. तो पडणारच नाही. आणि मोठा टाकलात तर भिंतीतल्या वायरला जे संरक्षण होतं तेही गेलं, उद्या खरोखर जास्त करंट गेला तर आधी वायर जळेल आणि मग एमसीबी पडेल.

तीनदा प्लग बदलूनही तेच का होतं, तर दर वेळी फक्त प्लग बदलला गेला, सॉकेट तेच राहिलं. क्लिप एकदा तापली की पितळेचा स्प्रिंगपणा जातो, पकड ढिली होते, त्यावर काळा थर चढतो, थरामुळे रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळे आणखी तापते, असं ते चक्र सुरू होतं. नवा चकचकीत प्लग त्या मेलेल्या क्लिपमध्ये घातला की महिन्या दोन महिन्यांत तोही काळा. मी एका घरात असं सॉकेट उघडलं होतं, बाहेरून फक्त एका भोकाभोवती चहाच्या डागाएवढा तपकिरी डाग होता, आतला फेजचा स्क्रू बोटाने फिरला, पेचकस लागलाच नाही, वायरच्या तारा तांब्याच्या राहिल्याच नव्हत्या, जांभळट काळ्या आणि इतक्या कडक की वाकवल्या की मोडायच्या, आणि वरचं इन्सुलेशन चार बोटं मागेपर्यंत ठिसूळ होऊन पापुद्र्यासारखं हातात आलं. त्या घरातल्या आजी आठ दिवस सांगत होत्या की बाथरूमजवळ मासळीचा वास येतोय, आणि घर शाकाहारी. तापलेल्या स्विच-सॉकेटच्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा असाच मासळीसारखा येतो, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. तसा वास आला तर आधी मेन बंद करा, मग शोधा.

तुम्ही करायचं ते असं. सॉकेट आणि प्लग दोन्ही एकाच वेळी बदला, चांगले आयएसआयचे घ्या. वायरचा जळका भाग कापून टाकायचा, लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे जायचं, काळी तार घासून पुन्हा वापरायची नाही. वायर कमी पडली तर नवी ओढून घ्या पण मध्ये पिळून टेप मारून चालवू नका, तो नवा लूज जॉइंट होतो. मी तर म्हणेन गिझरला प्लगच नको, २० अँपिअरचा डीपी स्विच (डबल पोल, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) लावून वायर थेट स्क्रूखाली घट्ट आवळून घ्या, रोज काढ-घाल करायची वस्तूच नाही ती. प्लगच ठेवायचा असेल तर काम झाल्यावर पंधरा मिनिटं गिझर चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि उलटा हात पिनेच्या जवळ नेऊन बघा. गार किंवा जेमतेम कोमट असेल तर ठीक. चटका बसण्याइतकी गरम असेल तर काम नीट झालेलं नाही, वायरमनला परत बोलवा, आणि गिझरला मल्टीप्लग किंवा कन्व्हर्टर पिन तर कधीच लावू नका.

प्रश्न : मी दहावीत आहे. बॅटरीतून निघालेला करंट बल्बमध्ये वापरला जातो ना, मग बल्बच्या पुढे तो कमी व्हायला हवा. पण प्रयोगात अ‍ॅमीटर बल्बच्या आधी लावला तरी तेवढाच आणि नंतर लावला तरी तेवढाच दाखवतो. असं का? आणि ओहमचा नियम फक्त पाठ करायचा की त्याचा काही उपयोग आहे? — एक विद्यार्थिनी, सांगली

बाळा, तू अ‍ॅमीटरवर विश्वास ठेवलास आणि मनातल्या कल्पनेवर शंका घेतलीस, हे फार चांगलं केलंस.

सायकलची चेन बघ. तू पायडल मारतेस, चेन मागच्या चाकाकडे जाते, चाक फिरवते आणि परत पुढे येते. चेनच्या जितक्या कड्या वरून जातात तितक्याच खालून परत येतात, चाकाने एकही कडी खाल्ली नाही. तरी चाकाला जोर मिळाला, आणि तो तुझ्या पायातून आला. करंट म्हणजे ती चेन. बल्ब करंट खात नाही, बॅटरीने लावलेल्या जोरातली ऊर्जा घेतो. तुमच्या पुस्तकात ज्याला विभवांतर म्हणतात तो हा जोर, आणि तो मात्र बल्बच्या दोन टोकांमध्ये खर्च होतो. व्होल्टमीटर बल्बला समांतर लावून बघ, तिथे आकडा दिसेल, आणि मग नुसत्या वायरच्या दोन टोकांना लाव, जवळजवळ शून्य येईल.

चेनचा दुसरा फायदा असा की लाईट लगेच का लागते हे पण त्यातून कळतं. एक अँपिअर म्हणजे एका सेकंदाला एका जागेवरून साधारण ६२४ वर सोळा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन जाणं. मग ते किती धावत असतील असं वाटतं, पण तांब्याच्या वायरमध्ये इलेक्ट्रॉन इतके खच्चून भरलेले असतात की त्यांना धावावंच लागत नाही. दीड एमएमच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या, वायरमधून पाच अँपिअर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, करंट जात असेल तर इलेक्ट्रॉनची पुढे सरकण्याची गती सेकंदाला पाव मिलिमीटर भरते, म्हणजे तासाला मीटरभरसुद्धा नाही! घरातल्या लाईटच्या एसी करंटमध्ये, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटमध्ये, तर ते सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास हलतात आणि परत. तरी बटण दाबल्याबरोबर लाईट लागते कारण पायडल मारलं की अख्खी चेन एकदम हलते, पुढची कडी मागच्या चाकापर्यंत पोचायची वाट बघावी लागत नाही.

आता ओहम. जॉर्ज ओहम हा जर्मनीतला एर्लांगनचा, १७८९ चा जन्म, वडील कुलपं बनवणारे कारागीर होते आणि त्यांच्याकडून त्याला हाताने काम करायची सवय लागली, ती पुढे उपयोगी पडली. कोलोनला शाळेत शिकवत असताना वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या जाडीच्या तारा घेऊन तो एक एक करून तपासत बसला. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर वापरता वापरता उतरायचा, त्यामुळे मोजमापं जुळेनात, मग त्याने बिस्मथ आणि तांबं जोडून केलेला थर्मोकपल घेतला, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर करंट देणारा जोड, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात, त्यामुळे जोर एकसारखा राहिला. १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच्याच देशात त्याची फारशी कदर झाली नाही, नोकरी सोडावी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ले पदक दिलं तोवर चौदा वर्षं गेली होती. तू दोन ओळीत लिहितेस तो नियम असा तारा मोजून मोजून आलाय.

त्याला सापडलं ते एवढंच, की तार तीच आणि तापमान तेच असेल तर जोर दुप्पट केला की करंट दुप्पट. तार लांब केली तर रेझिस्टन्स वाढतो, जाड केली तर कमी होतो, आणि धातू बदलला तर बदलतो. तांब्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा साधारण दीडपटीहून थोडा जास्त, आणि इस्त्री-शेगडीतल्या नायक्रोमचा तांब्याच्या साठपटीहून जास्त. म्हणून इस्त्रीची वायर गार राहते आणि आतली कॉइल तापते, करंट दोन्हीत अगदी सारखा असून.

तापमान तेच असेल तर, हे शब्द पाठ करताना गाळू नकोस. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना त्याच्या तारेचा रेझिस्टन्स ५२९ ओहम असतो, आणि गार असताना मल्टिमीटरने मोजलास तर चाळीसच्या आसपास येईल. म्हणजे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी नेहमीच्या बारा-तेरापट करंट जातो. तारेत एखादी जागा झिजून बारीक झाली असेल तर तिथला रेझिस्टन्स बाकीच्यापेक्षा जास्त, त्यामुळे ती जागा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तापते आणि तिथेच तुटते. बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का जातो ते यामुळे. आणि वरती नाशिकच्या ताईंच्या प्लगमध्ये जे झालं ते हेच.

प्रश्न : आमची विहिरीवरची ५ एचपीची थ्री फेज मोटर दोन वर्षांत तीनदा जळाली. दर वेळी रिवाइंडिंगचा खर्च आणि ऐन पाण्याच्या वेळी आठ दिवस मोटर दुकानात. डीपीपासून विहीर १००० फूट आहे, केबल अडीच एमएमची तांब्याची. मीटर लावून बघितलं तर व्होल्टेज बरोबर दाखवतो. — एक शेतकरी, मोहोळ तालुका

दादा, एकच विचारतो, मीटर लावला तेव्हा मोटर चालू होती की बंद?

बहुतेक वेळा मोटर बंद असतानाच बघितलं जातं, आणि तिथेच फसगत होते. केबलमध्ये करंट नसेल तर केबलचा रेझिस्टन्स काहीच खात नाही, त्यामुळे डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जेवढं व्होल्टेज तेवढंच विहिरीवर दिसतं. मोटर चालू झाली, आठेक अँपिअर जायला लागले की मग केबल आपला वाटा घेते. अडीच एमएमच्या १००० फूट तांब्याच्या केबलचा रेझिस्टन्स एका वायरला सव्वादोन ओहमच्या आसपास बसतो. आठ गुणिले सव्वादोन, अठरा व्होल्ट एका वायरमध्ये गेले, आणि थ्री फेजचा हिशोब लावला की दोन फेजमधलं व्होल्टेज २५ ते ३० ने उतरतं. लाईन पूर्ण ४१५ ची असेल तर मोटर ते सहन करते. पण पाण्याच्या दिवसात एका डीपीवर सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू होतात, लाईनच ३७० वर येते, त्यातून केबलने आपले घेतले की मोटरपाशी ३४०-३४५ राहतात.

आणि इथे मोटर गिझरपेक्षा उलटी वागते. व्होल्टेज कमी झालं तर गिझर कमी करंट घेतो आणि पाणी उशिरा तापतं, कुणाचं काही जळत नाही. मोटरला मात्र तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचंय, तिला काम कमी करता येत नाही, मग व्होल्टेज कमी पडलं की ती करंट जास्त ओढते. करंट वाढला की केबलमध्ये आणखी ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, आणि कॉइलची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. चालू होताना तर पाच-सहापट करंट लागतो, म्हणजे तेवढ्या वेळापुरता केबलचा ड्रॉपही पाच-सहापट, म्हणून ती घुरघुरत राहते आणि उचलत नाही.

तेव्हा आधी हे करा. स्टार्टरच्या इनकमिंगला मोटर बंद असताना तिन्ही फेजमधलं व्होल्टेज बघून लिहून ठेवा, मग मोटर चालू करून पाच मिनिटांनी तेच परत बघा, क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती नुसता अडकवून करंट दाखवणारा) मिळाला तर तिन्ही वायरमधला करंटही बघा. हे वायरमनकडून करून घ्या, आणि डीपीला तर स्वतः हात लावायचाच नाही, ते लाईनमनचं काम. तिन्ही फेजमध्ये सारखाच ड्रॉप असेल तर केबल बारीक पडतेय. ४ एमएमची घेतली तर ड्रॉप १७ ते २० वर येतो, ६ ची घेतली तर १२ च्या आसपास. केबल महाग आहे हे मला माहितीय, पण तीन रिवाइंडिंगचा खर्च आणि वाळलेलं पीक शेजारी मांडून बघा.

एकाच फेजमध्ये ड्रॉप जास्त असेल तर केबल बदलू नका, जॉइंट शोधा. बांधावर नांगर लागून केबल तुटते, मग पिळून टेप गुंडाळतो, पावसाचं पाणी आत जातं आणि तांबं हिरवं पडतं. एखाद्या ठिकाणी तांब्याला अ‍ॅल्युमिनियमची वायर पिळली असेल तर आणखी वाईट, अ‍ॅल्युमिनियमवर जो ऑक्साइडचा थर बसतो त्यातून करंट जात नाही आणि ओल लागली की दोन धातूंच्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. तिथे बायमेटलचे लग, म्हणजे एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम असलेले जोड, वापरून क्रिंप करूनच, म्हणजे पक्कड मारून घट्ट दाबूनच, जोडायला लागतं.

रिवाइंडिंगच्या दुकानात मोटर खोलतील तेव्हा तुम्ही स्वतः समोर उभे राहा. सगळ्या कॉइल सारख्याच करपल्या असतील तर लो व्होल्टेज नाहीतर ओव्हरलोड. काही कॉइल काळ्याठिक्कर आणि बाकीच्यांचं वार्निश नव्यासारखं लख्ख असेल तर एक फेज गेला होता आणि मोटर दोनवर चालत राहिली. ही खूण फार उपयोगाची आहे, कॉइल कापून भंगारात टाकायच्या आधी बघून घ्या, फोटो काढा. आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटरच्या नावपट्टीवर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्यावरच सेट असला पाहिजे. सारखा ट्रिप होतो म्हणून तो काडी लावून अडकवून ठेवलेला मी कितीतरी विहिरींवर बघितलाय. तो ट्रिप होतो तेव्हा मोटर वाचवत असतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारा, नसेल तर तोही बसवून घ्या.

प्रश्न : चाळीतलं जुनं घर आहे, अर्थिंग नाही. वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. ओळखीच्या वायरमनने सॉकेटची तिसरी वायर नळाच्या पाइपला जोडून दिली, झिणझिण्या थांबल्या. चालेल ना? — एक वाचक, डोंबिवली

नाही चालणार. आजच काढून टाका.

झिणझिण्या थांबल्या कारण जो थोडा करंट तुमच्या हातातून जमिनीत जात होता त्याला पाइपमधून सोपी वाट मिळाली. पण उद्या मशीनमध्ये फेज सरळ बॉडीला टेकला तर? पाइप कुठेतरी पुढे पीव्हीसीचा असतो, आता बहुतेक ठिकाणी असतोच, मग तो करंट जमिनीपर्यंत जाणारच नाही, आणि नळाच्या सगळ्या लोखंडी भागावर २३० व्होल्ट येऊन बसतील, तुमच्याच नाही तर शेजारच्यांच्या मोरीतल्या नळावरही. तिथे लहान मूल ओल्या पायाने उभं असेल. न्यूट्रलमधून लूप काढून अर्थच्या पिनेला देतात तेही असंच, न्यूट्रल कुठे तुटला की मशीनची अख्खी बॉडी लाईव्ह.

अर्थिंगलासुद्धा रेझिस्टन्स असतो हे लोक विसरतात, खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकला, पट्टी पुरली की झालं असं वाटतं. समजा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला आणि त्याचा रेझिस्टन्स २० ओहम झाला. फेज बॉडीला टेकला तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील, आणि तुमचा एमसीबी आहे १६ चा. तो पडणार नाही! मशीनची बॉडी लाईव्ह राहील, अर्थिंग असून. म्हणून अर्थिंगचा खड्डा वरचेवर ओला ठेवायचा आणि त्याचा रेझिस्टन्स अर्थ टेस्टरने मोजून घ्यायचा, अंदाजाने नाही.

माणसाच्या अंगाचा हिशोब असा, की कोरडी कातडी हजारो ओहमची असते, कधी लाखाच्या घरात, पण ओली झाली की सगळं मिळून हजार ओहमच्या आसपास उरतं. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याच्यापेक्षा कितीतरी कमी पुरतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि हात सोडवता येत नाही. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला हे पाव अँपिअर म्हणजे काहीच नाही, तो वायर जळू नये म्हणून लावलेला आहे, माणूस वाचवायला नाही.

माणसासाठी आरसीसीबी असतो, ३० मिलिअँपिअरचा. त्याचं काम सांगलीच्या मुलीने जे विचारलं त्यावरच चालतं. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा, तो हे दोन्ही सतत तोलून बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो, कारण फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्याच वाटेने चाललाय आणि ती वाट कुणाचं तरी अंग असू शकतं. चाळीत खड्डा खणायला जागा नसते हे खरं, पण सोसायटीला किंवा मालकाला सांगून इमारतीला एक चांगलं अर्थिंग करून प्रत्येक खोलीत वायर आणता येते, त्यासाठी मागे लागा. तोपर्यंत निदान आरसीसीबी या आठवड्यात बसवा, त्यावर टी लिहिलेलं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबून बघा, पडला पाहिजे. आणि झिणझिण्या का येतात ते मेकॅनिकला दाखवून घेईपर्यंत मशीन वापरू नका.

प्रश्न : पंखा ५ वरून १ वर आणला तर बिल कमी येतं का? काही लोक म्हणतात सारखंच येतं. आणि टेस्टर लावताना आपल्या अंगातून करंट जातो तरी शॉक का लागत नाही? — एक वाचक, अकोला

पंख्याचं उत्तर रेग्युलेटरवर आहे. जुना चौकोनी मोठा डबा असतो त्यात रेझिस्टन्सची तार गुंडाळलेली असते, पंखा हळू केला की व्होल्टेजचा काही भाग त्या तारेत जातो आणि उष्णता होऊन वाया जातो. डब्याला हात लावून बघा, गरम लागेल. तिथे बचत होते पण थोडीच, म्हणून लोक सारखंच म्हणतात. आताचे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसं तापत नाहीत, त्यात हळू पंख्याला खरंच बरीच कमी वीज लागते. अकोल्याच्या उन्हाळ्यात मात्र १ वर कोण ठेवणार, पण रात्री ३ वर चालत असेल तर रेग्युलेटर बदलून घेणं फायद्याचं आहे.

टेस्टरमध्ये निऑनच्या छोट्या दिव्याच्या मागे एक बारीक कांडी असते, तो रेझिस्टर, लाखो ओहमचा. १० लाख ओहमचा धरला तर २३० व्होल्टला करंट जास्तीत जास्त ०.२३ मिलिअँपिअर, तो तुमच्या बोटातून जातो आणि तुम्हाला कळतही नाही, पण निऑन पेटायला तेवढा पुरतो. रेझिस्टन्स हवा तिथे असला की असा उपयोग होतो. म्हणूनच टेस्टर खोलून त्यातली कांडी काढून वायर घालायचा प्रकार कुणी करत असेल तर त्याच्या हातून तो काढून घ्या. टेस्टर पाण्यात पडला असेल, काच तडकली असेल, नाहीतर पेचकस म्हणून वापरून वापरून मागची टोपी ढिली झाली असेल, तर नवा घ्या. आणि लाईट आहे की नाही बघायच्या आधी तो एकदा चालू असलेल्या पॉइंटला लावून पेटतो ना ते बघून घ्या, कारण बिघडलेला टेस्टर पेटला नाही म्हणून वायर बंद आहे असं समजून हात घातलेले मला माहीत आहेत.